पंधरा बाय वीसच्या परड्यात गावरान की हायब्रीड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या ओवळ्याच्या गावठाणात स्वतःचं घर, मागे १५ बाय २० फुटांचं परडं, घरात चार माणसं आणि रोज चार-पाच अंडी मिळावीत ही अपेक्षा. आई म्हणते गावरानच पाळ. भावाने फार्मवरची पांढरी बीव्ही सुचवली आहे. बाजारातला एक विक्रेता कडकनाथ घ्या म्हणून मागे लागला आहे. यातली कोणती घ्यावी?

जात निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कोंबडी तिचं खाणं स्वतः शोधणार आहे की सगळं तुम्ही घालणार आहात? आणि दीड-दोन वर्षांनी नवी पिल्लं तुम्ही विकत आणणार आहात की ती घरातच निघावीत अशी इच्छा आहे? याची उत्तरं मिळाली की जातीचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

आधी आकडे, कारण ते सगळ्यांनाच हवे असतात. बीव्ही-३०० ही पांढऱ्या लेगहॉर्नमधून निवड करत करत फक्त अंड्यांसाठी घडवलेली व्यापारी संकरित कोंबडी. पोल्ट्रीतल्या व्यवस्थेत ती वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते. परसातल्या कोंबडीपालनासाठी मुद्दाम तयार केलेल्या संकरित जातींपैकी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया परसात १६० ते १८० अंडी देते. त्याच संस्थेची वनराजा १०० ते ११० देते, पण तिचा नर मांसाला चांगला. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या शुद्ध विदेशी जाती. नीट खाद्य मिळालं तर परसात १५० ते २०० अंडी धरायला हरकत नाही. कडकनाथ ८० ते १००. आपली गावरान ५० ते ७०. असील त्याहूनही कमी, आणि ती भांडखोर असल्याने तुमच्यासाठी विचारातच घेऊ नका.

‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो, त्याचा एकच अर्थ इथे महत्त्वाचा आहे. शुद्ध जातीची पिल्लं आई-बापासारखी निघतात. संकरित कोंबडीची तशी निघत नाहीत. ग्रामप्रियाची अंडी उबवून पुढची ग्रामप्रिया मिळत नाही. रंग, वजन, अंडी सगळं विस्कटतं. म्हणजे संकरित घेतली की पिल्लं दर वेळी बाहेरूनच आणायची.

आता गावरान इतकी कमी अंडी का देते ते बघा, कारण तिथेच खरी मेख आहे. ती १२ ते १५ अंडी सलग घालते, त्याला तीन आठवडे लागतात. मग खुडूक होते आणि २१ दिवस अंड्यांवर बसते. पिल्लं निघाली की दीड-दोन महिने त्यांच्यामागे फिरते, त्या काळात अंडं नाही. एक फेरा म्हणजे साधारण १०० दिवस. वर्षात साडेतीन फेरे, ५०-५५ अंडी झाली. तिच्या अंगात दोष नाही, तिचा निम्म्याहून जास्त वेळ आईपणात जातो. लेगहॉर्नच्या पिढ्यांमधून हा खुडूकपणा निवडीने जवळजवळ काढून टाकला आहे, म्हणून ती वर्षभर घालत राहते. गावरानची अंडी रोज उचलली आणि खुडूक झाल्या झाल्या तिचा खुडूकपणा मोडला, तर तीच कोंबडी ८०-९० पर्यंत जाते.

मग गावात गावरान परवडते कशी? तिथे तिला दिवसाला मूठभर कणी किंवा भात, साधारण ३० ग्रॅम, घालावा लागतो. बाकी ती उकिरडा, शेताचे बांध, गोठा यातून किडे, गांडुळं, बी-बियाणं आणि हिरवं खाऊन भागवते. वर्षाचं ११ किलो धान्य आणि ६० अंडी, म्हणजे अंड्याला १८० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या ३०० चौरस फुटांत दहा कोंबड्या सोडल्या तर महिन्याभरात गवताची काडी उरणार नाही. मग गावरानलाही रोज ८० ग्रॅम विकतचं खाद्य लागेल, वर्षाला २९ किलो, आणि ६० अंड्यांवर भागलं तर प्रत्येक अंड्यामागे जवळजवळ अर्धा किलो. ग्रामप्रियाला रोज ११० ग्रॅम धरले तर वर्षाला ४० किलो. १७० अंडी म्हणजे अंड्याला २३५ ग्रॅम. बीव्ही तितक्याच खाद्यात ३०० देते, अंड्याला १३५ ग्रॅम. गावरानची काटकसर ही मोकळ्या रानाची देणगी आहे. बंद परड्यात नुसती गावरान पाळली तर सगळ्यात महाग अंडं तिचंच.

मग सरळ बीव्हीच घ्यावी, असं तुमचा भाऊ म्हणेल. हिशोबाने त्याचं चुकत नाही. पाच-सहा पक्षी, रोज फक्त गोणीतलं लेयर मॅश (अंड्यांच्या कोंबडीचं तयार खाद्य), दिव्याची वेळ काटेकोर, आणि दीड वर्षाने सगळे बदलायचे, एवढी शिस्त पाळणार असाल तर रोज चार-पाच अंडी यापेक्षा स्वस्तात मिळणार नाहीत. अडचण अशी की घरात ही शिस्त टिकत नाही. दीड किलोची ती कोंबडी जवळजवळ रोज ५५ ग्रॅमचं अंडं घालते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणून तिला रोज ४ ग्रॅम पोटात जायला हवं. घरातला उरलेला भात, चपातीचे तुकडे आणि कणी यावर तिला ठेवलं की आठवड्याभरात कवच पातळ होतं. पुढे ती स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढते आणि एके दिवशी पाय टाकून बसते. गावरान अशा वेळी अंडी देणं बंद करते आणि तगते. बीव्ही घालत राहते आणि खचते. शिवाय ती घाबरट असते, हलकी असल्याने सहा फुटी कुंपणावरून उडते, आणि बहुधा लहानपणीच चोच कापलेली असल्याने गावरानसोबत एका खुराड्यात ठेवली तर मार खाते. दीड वर्षानंतर अंडी कमी होतातच, शिवाय अंडं घालायच्या जागेतून आतला भाग बाहेर येणं, पोटात अंडं अडकणं असे त्रास वाढतात.

म्हणून तुमच्या जागेसाठी माझं मत स्पष्ट आहे: आठ ग्रामप्रिया आणि दोन गावरान. आठांची १७० प्रमाणे १,३६० आणि दोघींची १२०, भागिले ३६५, म्हणजे सरासरी रोज चार अंडी. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा. भरात असताना सहा-सात मिळतील, पिसं झडण्याच्या काळात एक-दोन. पुढे शुद्ध वाण टिकवायची हौस असेल तर ग्रामप्रियाच्या जागी ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प घ्या. अंडी तितकीच, स्वभाव शांत. मात्र अंग जड आणि रंग काळा, त्यामुळे मे महिन्याच्या दमट उकाड्यात तिला सावली आणि वारा जास्त लागतो.

दोन गावरान कशासाठी? तुमच्या आईच्या म्हणण्यातला खरेपणा इथे आहे. खुडूक गावरान म्हणजे वीज न लागणारं उबवणी यंत्र, आणि पिल्लं सांभाळणारी दाईसुद्धा. तुम्हाला कोंबडा ठेवण्याची गरज नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, फक्त ती फळत नाहीत. शेजारी इमारत असताना पहाटे चारची बांग हा भांडणाचा विषय होतो. गावातून फळलेली अंडी आणा, सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच. दहा-बारा अंडी संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ पारदर्शक असेल तर काढा. पिल्लं नको असतील तेव्हा खुडूक मोडायची तर तिला जमिनीपासून फूटभर उंच, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पूर्ण द्या. पोटाखालून वारा लागला की अंगातली ऊब उतरते. नाकात पीस ओवणं किंवा पाण्यात बुडवणं हे प्रकार करू नका, मुक्या जिवाला त्रास होण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

कडकनाथबद्दल थोडक्यात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात खरी मोलाची आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचं नाव मांसासाठी आहे. अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं, आणि कोणी काळं अंडं दाखवत असेल तर तो फसवतोय. रोजच्या चार अंड्यांसाठी तुम्हाला सोळा-सतरा कडकनाथ लागतील. तुमच्या जागेत ते बसत नाही.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘अंड्यावर आलेली कोंबडी’ घेताना. पोल्ट्रीतून ७२-८० आठवड्यांनी काढलेली लेयर, म्हणजे अंड्यांची कोंबडी, बाजारात तलंग, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, म्हणून विकली जाते. ओळखायचं कसं? पिवळ्या पायांच्या जातीत अंडी घालता घालता पिवळेपणा उतरत जातो: आधी अंडं घालायच्या जागेभोवतीचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. पाय पांढरे फटक, नखं वाढलेली, मानेची आणि पाठीची पिसं घासलेली असतील तर ती कोंबडी वर्षभर अंडी घालून कष्टलेली आहे, तलंग नाही. तलंगेचे पाय पिवळेधमक, खवले गुळगुळीत, तुरा नुकता लाल व्हायला लागलेला असतो. जिची अंडी चालू आहेत तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात. बंद असेल तर जेमतेम एक. टोपलीतली गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं तर घेऊच नका, ती बहुधा लेयर जातीचे नर असतात.

ग्रामप्रियासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे, तिथेही कोणत्या जातीची पिल्लं कधी मिळतील ते विचारून ठेवा. पहिलीच वेळ असेल तर एक दिवसाच्या पिल्लांऐवजी दीड-दोन महिने वाढवलेली, लसीकरण झालेली पिल्लं घ्या. किंमत जास्त पडते, पण पहिल्या तीन आठवड्यांतली मर टळते.

इथवरचा सारांश: संख्या ग्रामप्रियाची, आईपण गावरानचं, बीव्ही शिस्त असेल तरच, कडकनाथ नको. आता यातलं काहीही घेतलं तरी बिघडतं कुठे, ते सांगतो.

‘गावरानला रोग होत नाही’ हा समज अनेक खुराडी रिकामी करून गेला आहे. गावरान खडतर खाण्यावर तगते, मानमोडीपुढे मात्र तीही टिकत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. माना वाकड्या होतात, हिरवट पांढरी हगवण लागते आणि चार दिवसांत कळप संपतो. औषध नाही, फक्त लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, महिन्याच्या आत लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. आधी लासोटा न दिलेल्या पक्ष्याला थेट आर-टू-बी देऊ नका, ती लस जोरदार असते आणि पक्षी तिनेच आजारी पडतो. अंडी सुरू झाल्यावरही ती टोचू नका, अंडी एकदम उतरतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी लासोटा पाण्यातून देता येतो, पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने लस मरते. पाणी उकळून गार करा, लिटरला पाच ग्रॅम दूध पावडर ढवळा, कोंबड्यांना तासभर तहानेलं ठेवा आणि विरघळवलेली लस दोन तासांत संपवा. कुपी किमान शंभर डोसांची असते, म्हणून शेजारपाजारच्यांना धरून एकाच दिवशी लसीकरण केलेलं बरं. कुपी आणताना बर्फात आणा.

दुसरा शत्रू आपला पाऊस. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही चार महिन्यांत. जमिनीवरचं तूस ओलं झालं की रक्ती हगवण आलीच. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच करा, पत्रा चारही बाजूंनी दोन फूट पुढे काढा, पश्चिमेकडून झड येते तिथे ताडपत्री गुंडाळी करून ठेवा, कायमची बंद नको. आत भाताचं तूस तीन इंच घाला, रोज हलवा, गठ्ठे झालेला भाग काढून टाका. हातात घेऊन दाबलं आणि मुठीत गोळा राहिला तर ते बदलायची वेळ झाली. डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर वारा कमी पडतोय. दहा कोंबड्यांना आत किमान ३० ते ४० चौरस फूट, बसायला प्रत्येकी आठ इंच दांडी आणि अंडी घालायला तीन खोकी, एक फूट बाय एक फूट, अंधाऱ्या कोपऱ्यात.

पावसात खाद्याचीही तीच गत. दहा पक्ष्यांना महिन्याला ३० किलोच्या आसपास लागतं. स्वस्त पडते म्हणून ५० किलोची गोणी आणू नका; दमटपणात मक्याला आणि पेंडीला बुरशी धरते, तिचं विष यकृतावर बसतं, अंडी घटतात आणि कारण कळत नाही. १५ दिवसांपुरतं आणा, झाकणाच्या पिंपात, फळीवर ठेवा. कुबट वास आला तर फेकून द्या. पहिले आठ आठवडे चिक स्टार्टर, मग ग्रोअर, पहिलं अंडं दिसायला लागल्यावरच लेयर मॅश. लेयर मॅशमधलं कॅल्शियम वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही, म्हणून गावरानच्या पिल्लांना मोठ्यांच्या भांड्यापासून लांब ठेवा. जादा कॅल्शियमसाठी तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) टरफलं धुऊन, कडक उन्हात वाळवून, तांदळाएवढी कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. जिला जितकं लागतं तितकं ती स्वतः उचलते. घरचं उरलेलं अन्न एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. शेवग्याचा पाला, मेथी-पालकाचे देठ मात्र रोज टांगा, बलकाचा केशरी रंग त्याच हिरव्यातून येतो. कवचाचा रंग जातीवर ठरतो, त्याचा पौष्टिकपणाशी संबंध नाही.

घोडबंदरच्या बाजूला येऊरचं जंगल लागून आहे, म्हणून रात्री एकही कोंबडी बाहेर नको. बिबट्या विरळा, पण मुंगूस, उदमांजर, बोका आणि घूस रोजचे. षटकोनी कोंबडीजाळी बोका आणि घूस फाडतात. अर्धा इंची वेल्डमेश लावा आणि तळाशी फूटभर जमिनीत गाडा. वरूनही जाळी हवी, घारीसाठी आणि बगळे-कावळे पाण्याच्या भांड्यापाशी उतरू नयेत म्हणूनही. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता, ते आपल्याच जिल्ह्यात. एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर उघड्या हाताने उचलू नका, वाटून टाकू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेवटी वेळ. पिल्लं जानेवारीच्या अखेरीस आणा. थंडी बेताची असते, ऊब द्यायला २० पिल्लांमागे ४०-६० वॅटचा एक पिवळा बल्ब पुरतो. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर बल्ब खाली घ्या, कडेला पळून चोची उघडून बसली तर वर घ्या. सगळ्या लसी पावसाच्या आधी होतात आणि तलंगा जुलै-ऑगस्टमध्ये अंड्यावर येतात. सप्टेंबरअखेरीपासून दिवस बारा तासांपेक्षा लहान होत जातो, डिसेंबरात उजेड जेमतेम ११ तासांचा. अंडी टिकवायला १४ तास लागतात, म्हणून पहाटे टायमरवर सात वॅटचा एलईडी लावा, डिसेंबरात चारपासून उजाडेपर्यंत. संध्याकाळी नको, कारण दिवा अचानक गेला की कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकतात.

ग्रामप्रियाची पिल्लं नर-मादी मिसळ मिळतात, त्यामुळे आठ माद्यांसाठी १६ ते १८ पिल्लं धरा. निम्मे नर निघतील, ते चार-पाच महिन्यांचे झाले की आरवायला लागतील. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, गटारीच्या आठवड्यात या नरांना वर्षातला सगळ्यात चांगला भाव मिळतो, आणि श्रावण लागला की महिनाभर कोणी विचारत नाही.